सिकलसेलच्या मुलाला फ्लूचा ताप : किती वाट पाहायची?

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची, एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा जनुक आलेला), वजन 30 किलो. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं दुखणं कमी ठेवणारं औषध) आणि फॉलिक अ‍ॅसिड रोज चालू आहे. गेल्या पावसाळ्यात साधी सर्दी समजून तीन दिवस घरीच ताप उतरवत बसलो. चौथ्या दिवशी छातीत दुखून दम लागला, रक्त भरावं लागलं. पुन्हा ताप आला तर काय करायचं? (कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : ताप 101 फॅरेनहाइट झाला की त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

पॅरासिटामॉल देण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसकट वहीत लिहा. नाहीतर औषधाने ताप 99 वर येतो, डॉक्टरांपुढे मूल बरं दिसतं आणि घरी पाठवलं जातं. 30 किलोला 400 मिलिग्रॅमचा डोस पुरे. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असं लिहिलेल्या सिरपचे ते 8 मिली होतात. 125 च्या बाटलीतून तेवढेच 8 मिली दिले तर निम्माच डोस पोटात जातो. तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचा, मोजायला घरचा चमचा नको. दोन डोसांत सहा तास ठेवा, दिवसात चारच्या वर नाही. फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देत नाहीत. पक्षाघातामुळे ते आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. थंड पाण्याच्या पट्ट्याही नकोत, गारठ्याने दुखणं उसळतं.

एवढी घाई का? तापात अंगातलं पाणी कमी होतं आणि फुफ्फुस सुजलं की रक्तातला ऑक्सिजन घटतो. मग लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हे फुफ्फुसात झालं की त्याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. तुमच्या लेकीला चौथ्या दिवशी झालेला त्रास तसाच वाटतो. शिवाय या मुलांची प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) नीट काम करत नाही, म्हणून फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोकोकस जंतू थेट रक्तात शिरू शकतो. बाहेरून दोन्ही ताप सारखेच दिसतात. म्हणून रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी) घेऊन अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच सुरू करतात.

फ्लूची शंका असेल तर ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषधही लगेच हवं. 23 ते 40 किलो वजनाला 60 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 5 दिवस. पहिल्या 48 तासांत त्याचा गुण सर्वांत चांगला येतो, पण उशीर झाला म्हणून या मुलांत ते टाळत नाहीत. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी फ्लू नाही असं धरू नका.

पेज, ताक, ओआरएस मिळून दिवसभरात पावणेदोन लिटर पोटात जाऊ द्या. ‘सलाईन लावाच’ असा हट्ट मात्र धरू नका. जास्तीचं सलाईन फुफ्फुसात उतरतं. दवाखान्यात तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळेल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, फुंकायचं नाही. चेंडू वर गेले की क्षणभर धरून ठेवायचे; दर दोन तासांनी, जागेपणी, असे 10 श्वास. छाती दुखते म्हणून मूल वरवर श्वास घेतं आणि फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो. तो या व्यायामाने उघडा राहतो.

हायड्रॉक्सीयुरिया आपल्या मनाने बंद करू नका. रक्ताची तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : मुलगा आश्रमशाळेत असतो. फ्लूची लस कधी द्यावी? गेल्या वर्षी दिली होती, तेव्हा ताप आला होता. (अक्कलकुवा, जि. नंदुरबार)

उत्तर : दरवर्षी द्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणून एप्रिल-मेच्या सुट्टीत घरी आला की देऊन टाका. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. 9 वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. इंजेक्शनचीच लस मागा. नाकात फवारायच्या लसीत जिवंत विषाणू असतो, ती या मुलांना देत नाहीत.

इंजेक्शनने फ्लू होत नाही. एखादा दिवस कणकण येते, दंड दुखतो. पण 101 ताप आला तर ‘लसीचाच असेल’ म्हणून सोडू नका, दाखवा.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात सिकलसेलच्या डॉक्टरांकडे आधी चौकशी करा, पण लस चुकवू नका. अमेरिकेतल्या चार राज्यांच्या रुग्णालयांतल्या नोंदींचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या मुलांना फ्लूमुळे भरती करावं लागण्याचं प्रमाण इतर मुलांच्या 56 पट निघालं.

प्रश्न : धाकट्याचा पॅटर्न एएस आहे, म्हणजे एकाच पालकाकडून जनुक आलेला वाहक. त्यालाही हेच सगळं?

उत्तर : नाही. वाहकाला फ्लूमध्ये एसएससारखा धोका नसतो. पण घरात एसएस मूल आहे, म्हणून त्यालाही आणि तुम्हालाही लस घेणं चांगलं.

प्रश्न : मी 18 वर्षांचा, नागपूरला होस्टेलवर. अंग दुखतं ते फ्लूमुळे की सिकलसेलमुळे, कसं ओळखू?

उत्तर : फ्लूत सगळं अंग ठणकतं, तुमचं नेहमीचं दुखणं बहुधा ठरलेल्या जागी येतं. दोन्ही एकदमही येतात, त्यामुळे एकट्याने निवाडा करत बसू नका. छातीत दुखणं, दम, ऑक्सिजन 95 च्या खाली, डाव्या बरगडीखाली फुगवटा, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. खोलीतल्या मित्राला हे आजच सांगून ठेवा. पाकिटात एक कार्ड असू द्या : एसएस पॅटर्न, रक्तगट, बरं असतानाचं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन, हायड्रॉक्सीयुरियाचा डोस, घरचा नंबर. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला तुमचा 8 हिमोग्लोबिन नेहमीचा आहे की आजच उतरलाय, हे त्या कार्डावरूनच कळेल.