रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटरसायकलला ऑइल टेम्परेचर सेन्सर कुठे बसवावा? गॅरेजवाला क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) भोक पाडू म्हणतोय.

भोक अजिबात पाडू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचा कीस आत पडला की तो ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो, आणि त्याची गरजही नाही. इंजिनाला एक तयार भोक आहेच, जुनं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचं.

तुम्ही लिहिलंय की रोज अंधेरी-ठाणे करता, सिग्नलला मांडीला चटके बसतात आणि सुट्टीत कसाऱ्यामार्गे लांब जाता. ही गाडी एअर-कूल्ड, पुढे ऑइल कूलर. पण कूलरलाही वाराच लागतो. त्यामुळे घाटापेक्षा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरची संध्याकाळ तिला जास्त जड जाते. सेन्सर घ्या, पण तो कुठलं ऑइल मोजणार हे आधी ठरवा. संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं, ऑइल एक आकडा देतं, कूलरकडे जाणाऱ्या नळीतलं दुसरा. स्पार्क प्लगखाली बसणारी रिंग तर सिलिंडर हेडचं तापमान सांगते, तिचा ऑइलशी थेट संबंध नाही. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

ऑइल टाकायच्या झाकणाच्या जागी बसणारी डायल मिळते. वायरिंग नको म्हणून लोक ती घेतात. तिची दांडी ऑइलमध्ये बुडते की नुसती वर लटकते ते बघा. शिवाय चालत्या गाडीवर वाकून तिथे बघणार कोण?

माझं मत ड्रेन बोल्टच्या बाजूने. मध्ये सेन्सरसाठी आटे पाडलेला बोल्ट विकत मिळतो, नाहीतर चांगला लेथवाला करून देतो. जुना बोल्ट सोबत न्या, म्हणजे आटे मापता येतील. इथेच सगळ्यात जास्त गाड्या खराब होतात. सेन्सर बऱ्याचदा १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपच्या) आट्यांचे येतात, आणि ते एम१० x १ च्या (१० मिमी, दोन आट्यांत १ मिमी अंतर) भोकात दोन-तीन फेरे छान जातात. मग अडकतात. एनपीटीचे आटे निमुळते असतात. पान्हा लावून रेटलंत तर बोल्टला तडा जातो किंवा आटे मरतात. हाताने सहज फिरत नसेल तर तो तुमचा सेन्सर नव्हे.

लांबीही बघा. टोक आत किती शिरतं ते जुन्या बोल्टशी ताडून बघा, आत कशाला टेकता कामा नये. बाहेरच्या बाजूला बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, आहे. मध्ये वायरच्या कनेक्टरला जागा उरत नसेल तर पहिल्याच दगडाला सेन्सर जाईल.

एका वायरचा सेन्सर इंजिनच्या बॉडीतून अर्थिंग (निगेटिव्ह जोडणी) घेतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे चढवलेत तर अर्थिंग तुटतं आणि मीटर काहीही दाखवतं. बोल्टखाली नवा तांब्याचा वॉशर टाका आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा.

बसवण्याआधी घरीच तपासणी करा. सेन्सर आणि मीटर जोडीनेच घ्या, कारण प्रत्येक सेन्सरचा रोध वेगळा असतो आणि मीटर त्याच हिशोबाने आकडा दाखवतं. बाहेर बॅटरीवर जोडणी करा, एका वायरचा असेल तर सेन्सरच्या धातूला निगेटिव्हची वायर लावा आणि टोक उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या तळाला टेकू न देता. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने पाणी १०० अंशांनाच उकळतं. मीटर ९८-१०२ दाखवत असेल तर माल बरा. ११५ दाखवत असेल तर दुकानात परत. भांडं मात्र स्वयंपाकाचं घेऊ नका, घरी बोलणी बसतील.

वायर सायलेन्सरपासून लांब न्या आणि सप्लाय इग्निशन चालू असताना मिळणाऱ्या लाईनवरून छोटा फ्यूज टाकून घ्या. गाडीचा मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू नका, वॉरंटीवर वाद होतो. जोडांवर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवंच. जुलैमध्ये चिकटपट्टी आठवडाभर टिकत नाही.

संपमध्ये मोकळ्या रस्त्यावर ९० ते ११० च्या आसपास दिसलं तर ठीक. ट्रॅफिकमध्ये १२०-१२५ झालं तरी मी काळजी करत नाही. १३० च्या वर जाऊन चढतच राहिलं तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. उलट पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच गाडी फिरवली तर आकडा ७० पर्यंतही पोचत नाही. मग ऑइलमधलं पाणी उडत नाही आणि झाकणाखाली दुधाळ थर धरतो. तो दिसला तर गाडी एकदा घोडबंदरच्या बाजूला तासभर नीट पळवून आणा.

हे सगळं पुढच्या ऑइल बदलाच्या वेळीच करा, नाहीतर चांगलं ऑइल काढून परत भरावं लागेल. बसवल्यावर गाडी गरम करून बोल्टखाली पांढरा कागद धरून ऑइल गळतंय का ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्येही एकदा बघा.