मोठं होताना स्वतःच्या स्वभावाबद्दल तुम्हाला काय उमगलं?

अबोल असणं वेगळं आणि भिडस्त असणं वेगळं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

लहानपणी सगळे मला लाजाळू म्हणायचे, म्हणून मीही तसंच धरून चालले. पण माणसांची भीती मला कधीच नव्हती. चारचौघांत बोलायची वेळ आली तर मी नीट बोलते. फक्त गर्दीतून आल्यावर थोडा वेळ एकटीला हवा असतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली, तीही मनाचा ओढा आत आहे की बाहेर यावर आधारलेली होती. भिडेत लोक काय म्हणतील याची धास्ती असते, अंतर्मुख माणसाला ती असेलच असं नाही.

भीड माझ्यातही थोडी होतीच. नाही म्हणणं, उसने दिलेले पैसे परत मागणं, वर्गात शंका विचारणं, हे सगळं मी मुद्दाम सराव करून शिकले. एकांताची गरज मात्र तशीच ठेवली, ती मला आवडते.

जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांच्या स्वभावातला साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असतो. शिवाय विशीपासून चाळिशीपर्यंत माणसं सरासरीने अधिक जबाबदार आणि स्थिर होत जातात. म्हणून ‘माझा स्वभावच असा’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती: घरात गप्प मूल असेल तर पाहुण्यांसमोर ‘हा फार लाजतो’ असं कृपया सांगू नका. मुलं ते खरं मानतात.