वाचकांचे प्रश्न : बोन स्कॅनला जाताना

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून डॉक्टरांनी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात बोन स्कॅन करून घेण्यास सांगितले आहे. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे उपाशी राहावे लागेल का, ही पहिली काळजी. शरीरात किरणोत्सर्गी औषध जाणार म्हटल्यावर घरातले सगळेच धास्तावले आहेत, आणि माझी तीन वर्षांची मुलगी तर आजोबांना क्षणभर सोडत नाही. त्या दिवशी नेमके काय होते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बोन स्कॅन म्हणजे कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे पाहण्यासाठी घेतलेले हाडांचे चित्र. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. पेट स्कॅन या कर्करोगासाठीच्या दुसऱ्या तपासणीला चार ते सहा तास काही खाता येत नाही आणि दोन्ही तपासण्या बहुधा एकाच विभागात होतात, त्यामुळे ही गल्लत वारंवार होते. वडिलांनी नेहमीसारखा नाश्ता करावा, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि जेवणाचा डबा बरोबर ठेवावा, कारण अर्धा दिवस सहज जातो.

सुरुवातीला हाताच्या शिरेत एक लहानसे इंजेक्शन दिले जाते. त्यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य एमडीपी नावाच्या रसायनाला जोडलेले असते, आणि हाडात जिथे झीज भरून काढण्याचे किंवा नवी घडण होण्याचे काम जोरात चालू असते, तिथे हे रसायन अधिक प्रमाणात जाऊन बसते. ते हाडांत मुरायला आणि उरलेले लघवीवाटे निघून जायला दोन ते चार तास द्यावे लागतात. एवढ्या वेळात चार-सहा ग्लास पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर तसे आधी सांगावे.

स्कॅनसाठी आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन येण्यास सांगतात, ते टाळू नये. मूत्राशय भरलेले असेल तर त्यामागची कटीची हाडे झाकली जातात, आणि प्रोस्टेटच्या रुग्णात आम्हाला तीच हाडे बारकाईने पाहायची असतात. कॅथेटर (लघवीची नळी) असल्यास पिशवी रिकामी करून घ्यावी. पायजम्यावर पडलेला लघवीचा एक थेंब मांडीच्या हाडावरचा डाग होऊन चित्रात उमटलेला मी अनेकदा पाहिला आहे. कपडे बदलून, त्वचा पुसून पुन्हा चित्र घेतले की तो डाग नाहीसा होतो. म्हणून पायजम्याचा एक जादा जोड अवश्य न्यावा.

हे चित्र ज्याने घेतात, तो गॅमा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. शरीरातून येणारे किरण तो टिपतो. रुग्णाला अरुंद टेबलावर उताणे झोपवतात आणि सपाट पाट्यासारखा कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ आणतात. त्या क्षणी पुष्कळांचा जीव घाबरा होतो, परंतु टेबल पुढे सरकते तसा चेहरा मोकळा होतो. वीस-तीस मिनिटे न हलता पडून राहणे, एवढेच रुग्णाचे काम. पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी मागावी. एखादा भाग अधिक स्पष्ट पाहायचा असल्यास त्याचा सीटीही काढतात.

आता नातीविषयी. टेक्नेशियमचे किरण दर सहा तासांनी निम्मे होतात, म्हणजे चोवीस तासांनी सोळावा भागच उरतो, आणि लघवीवाटे गेलेला भाग यातून आणखी वजा होतो. तपासणीतून वडिलांना मिळणारी किरणमात्रा साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. त्या रात्री नातीला मांडीवर किंवा कुशीत घेऊ नये, समोरच्या खाटेवर बसून गोष्ट सांगायला हरकत नाही. लघवीनंतर दोनदा पाणी सोडावे आणि हात साबणाने धुवावेत. दुसऱ्या दिवसापासून तिला खुशाल उचलून घ्यावे. घरात कोणी गरोदर असेल, तर त्यांनीही तेवढा एक दिवस अंतर ठेवावे.

ठरलेल्या वेळी जाणे शक्य नसेल, तर आदल्या दिवशी फोन करून कळवावे. हे औषध त्याच दिवशी तयार करावे लागते आणि ते साठवून ठेवता येत नाही.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगावर माझे उपचार पूर्ण झाले आहेत. बोन स्कॅनच्या रिपोर्टमध्ये गुडघे आणि डाव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर औषध जास्त दिसल्याचे लिहिले आहे. कर्करोग पसरला असे समजायचे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसे समजू नये. बोन स्कॅन बदल लवकर पकडतो, पण त्याचे कारण सांगण्यात तो कमी पडतो. संधिवाताने झिजलेला गुडघा, भरून येत असलेले फ्रॅक्चर आणि कर्करोगाची गाठ या तिन्ही ठिकाणी हाड नवी घडण करत असते, म्हणून चित्रात तिन्ही गडद दिसतात. वाढत्या वयात दोन्ही गुडघे गडद दिसणे बहुधा झिजेमुळेच असते. एकाखाली एक अशा लागोपाठच्या बरगड्यांवर ठिपके एका रेषेत असतील, तर पडल्याचा किंवा मार लागल्याचा संशय आधी येतो. न्हाणीघरात पाय घसरणे, बसमध्ये दांड्यावर आपटणे, असे गेल्या काही महिन्यांत झाले होते का, हे आठवून पाहावे आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सांगावे. जुने एक्स-रे आणि आधीचा स्कॅन असल्यास तेही न्यावेत. शंका राहिली तर त्याच जागेचा सीटी किंवा एमआरआय काढतात, आणि तो होईपर्यंत त्या ठिपक्यांना कर्करोग म्हणण्याचे कारण नाही.