पाणी भरायला कधी उशीर झालाय का?

प्रश्न : ताई, मी गोरेगावला राहते, वय ४४, नोकरी अंधेरीला. बाबा जाऊन दीड वर्ष झालं, फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "झालं का ते ट्रान्सफरचं?" आणि मी म्हणते, या महिन्यात नक्की. सगळी कागदपत्रं कपाटात वरच्या खणात एका पिशवीत आहेत. मी आळशी नाहीये हो, दर रविवारी आज हेच करायचं म्हणून उठते आणि मग फ्रिज साफ होतो, मसाल्याचे डबे घासून होतात, एकदा तर अख्खा माळा काढला, पण ती पिशवी काही खाली येत नाही. भाऊ नाशिकला असतो. आई बोलत नाही, पण तिच्या मनात तेच असतं, मला कळतं. माझं असं का होतं?

उत्तर : अगं, आळशी असतीस तर माळा निघाला असता का? नुसतं लोळत पडलं तर मनाला खातं, म्हणून आपण दुसरं काहीतरी कामाचंच काम काढतो, म्हणजे पळतोय हे स्वतःलाही कळत नाही. मी यातली जुनी खेळाडू आहे. माझी दाढ आठ महिने ठणकत होती आणि त्या आठ महिन्यांत माझं घर जेवढं चकाचक होतं तेवढं आधी कधी नव्हतं, नंतर तर नाहीच. शेवटी रूट कॅनल.

आता एक सांग, पाणी भरायला तुला कधी उशीर झालाय? साडेपाचला पाणी येतं, सातला जातं, ताप असो, रात्री लग्नाहून एक वाजता आलेलं असो, माणूस उठतो आणि भरतो, कारण नंतर नळ कोरडा. मुंबईत आपण लोकल, पाणी, डबा यातलं काहीच पुढे ढकलत नाही, बाहेरचं घड्याळ ढकलू देत नाही. फ्लॅटच्या कामाला तसं घड्याळ नाही. आज नाही केलं तर आज काहीच बिघडत नाही, उद्याही नाही, आणि असं करत करत दीड वर्ष भिजत घोंगडं.

पण घड्याळ नाही एवढंच कारण नाहीये. कॅनडातले टिमोथी पिचिल म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी चालढकलीवरच वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की हा वेळेच्या नियोजनाचा घोळ कमी आणि भावनेचा जास्त, काम समोर आलं की जे नकोसं वाटतं त्यापासून आपण पळतो आणि पळाल्यावर घटकाभर बरं वाटतं, तीच चटक. मला हे एकदम पटलं. तुझ्या त्या पिशवीत काय आहे? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, त्यावर बाबांचं नाव, कुठेतरी त्यांची सही, मृत्यूचा दाखला. आणि पिशवीत नसलेली पण खरी अवघड गोष्ट म्हणजे भावाला फोन करून "दादा, फ्लॅटचं काय करायचं" हे विचारणं. म्हणून फ्रिज साफ होतो. रडू आलं तर येऊ दे, पण ते फ्रिजपाशी नको, पिशवीपाशी येऊ दे.

आता कामाचं बोलू. "फ्लॅट ट्रान्सफर" हे एक काम नाहीच, ते दहा कामांचं गाठोडं आहे, म्हणून हात कुठे घालायचा ते कळत नाही. पहिलं काम एवढंच, पिशवी काढायची आणि बाबांनी सोसायटीत नॉमिनेशन केलं होतं का ते बघायचं, नाही सापडलं तर सेक्रेटरींना विचारायचं, त्यांच्याकडे रजिस्टर असतं. आईचं नाव असेल तर सोसायटीत तिचं नाव लागणं बरंच सोपं. पण नॉमिनी म्हणजे मालक असं लोक धरून चालतात ते खरं नाही, नॉमिनी फक्त वारसांच्या वतीने सांभाळणारा, हक्क सगळ्या वारसांचा. तुम्हा दोघा भावंडांना आईच्याच नावावर करायचं असेल तर हक्कसोड पत्र करून ते सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करावं लागेल. नॉमिनेशन नसेल तर मग वारसांचा अर्ज, पेपरात जाहीर नोटीस, इंडेम्निटी बाँड (उद्या कोणी दावा केला तर नुकसान आम्ही भरू अशी लेखी हमी) असं सगळं लागतं, त्यासाठी एखादा वकील गाठ. म्हणजे कुठूनही गेलीस तरी भावाचा फोन चुकत नाही. मग तोच आधी कर. बाकीचे कागद त्याच्याशिवाय पुढे सरकायचेच नाहीत.

आणि रविवारी नको. अख्खा रविवार मोकळा दिसला की "जेवण झाल्यावर बसू" सुरू होतं. तू रोज पाणी भरतेस ना, मग पाणी भरून झालं की चहा टाकायच्या आधी पंधरा मिनिटं पिशवी. "अमुक झालं की तमुक करायचं" असं आधी बांधून ठेवलं तर काम होण्याची शक्यता वाढते, पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर भरपूर अभ्यास केलाय. पंधरा मिनिटांनी चहा प्यायचाच, काम अर्धवट असलं तरी. दादाला मात्र सकाळी सहाला फोन करू नकोस, आधी मेसेज टाकून रात्रीची वेळ ठरव.

प्रश्न : मी परळचा, वय २३, सीएचा अभ्यास करतोय. सगळे सांगतात सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात कठीण विषय घे. आमची खोली दहा बाय बारा, सकाळी आई, बाबा, आजी, कुकर, रेडिओ. माझं डोकं रात्री अकरानंतर चालतं. मी चुकतोय का?

उत्तर : नाही रे बाळा. "आधी महत्त्वाचं" म्हणजे सूर्य उगवल्यावर आधी असं कुठे लिहिलंय, तुझं डोकं ताजं असतं तेव्हा आधी. तुझी सकाळ रात्री अकराला होते, चालेल. फक्त त्या अकरा वाजता पहिल्यांदा काय उघडतोस ते बघ. नोट्सना हायलायटर मारत बसलास आणि एक वाजता जड विषय घेतलास तर झोप जिंकणार. जड विषयाचं एकच गणित आधी घे, फोन आजीच्या उशाखाली ठेव (आजी देत नाही परत, अनुभव आहे). पंचवीस मिनिटं आणि मग ब्रेक, ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर बसवली, तुला घरातला साधा गजरही पुरे. अगदीच जमलं नाही तर जवळपास अभ्यासिका शोध.

प्रश्न : मी मुलुंडचा, रिटायर्ड. माझं सगळं आयुष्य शेवटच्या दिवशी काम करून उत्तम गेलं. रिटर्नसुद्धा ३१ जुलैच्या रात्रीच भरतो. प्रेशरशिवाय मजा नाही. तुमचं काय म्हणणं?

उत्तर : काका, मजा तुमची, पण त्या रात्री तुमच्यासारखेच सगळे बसलेले असतात आणि नेमका ओटीपी येत नाही. तारीख हुकली तर लेट फी ५००० रुपयांपर्यंत, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १०००. तेवढे पैसे मजेसाठी घालवायचे असतील तर माझी ना नाही. पण ज्या कामांना ३१ जुलैच नसते त्यांचं काय करता? तुमच्या फ्लॅटचं नॉमिनेशन झालंय का? वरचं गोरेगावचं पत्र काकूंच्या हाती पडायच्या आत तुम्ही वाचून घ्या.