जर्मनीला मास्टर्सला निघालोय, घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नाही. प्रवासाची आखणी कुठून सुरू करू?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्ही नांदेडचे, माग्डेबुर्गच्या विद्यापीठात येत्या ऑक्टोबरपासून प्रवेश मिळालाय, एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं, जर्मन व्हिसासाठी लागणारं) हातात आहे, व्हिसाची फाइल तयार होतेय. आणि एजंट 'प्रस्थानपूर्व पॅकेज' म्हणून चाळीस हजार मागतोय, ज्यात विमानाचं तिकीट धरलेलंच नाही.

मी लातूरची. २०२२ साली अशाच तयारीनं ब्राउनश्वाइगला आले होते. आधी एजंटबद्दल: ते चाळीस हजार देऊ नका. तो जे सांगेल ते सगळं विद्यापीठाच्या, शहराच्या आणि रेल्वेच्या संकेतस्थळांवर फुकट आहे, बहुतेक इंग्रजीतही आहे. ते कोणत्या क्रमानं वाचायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि मी तिथेच चुकले.

मी सगळ्यात आधी विमानाचं तिकीट पाहिलं. स्वस्त मिळालं ते शनिवार, १ ऑक्टोबरचं. फ्रँकफुर्टहून पुढची रेल्वे एजंटनं काढून दिली, तीही स्वस्तातली. विमान दोन तास उशिरा उतरलं आणि गाडी गेली. स्वस्त तिकिटाला जर्मनीत स्पारप्राइस म्हणतात आणि ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच्या चुकीनं गाडी चुकली तर पुढच्या गाडीनं जाता येतं. विमानाच्या उशिराला रेल्वे जबाबदार नाही. नवं तिकीट पूर्ण भाड्यानं काढलं. रात्री वसतिगृहाशी पोचले तर दार बंद. खोलीची किल्ली देतो तो हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, आणि तो भेटतो कामाच्या दिवशी, सकाळच्या ठरलेल्या तासांत. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी ३ ऑक्टोबर, जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. किल्ली मंगळवारी मिळाली. तीन रात्री हॉटेलात काढल्या. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला इथे किराणा दुकानं बंद असतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आईनं दिलेला चिवडा आणि स्टेशनवरच्या बेकरीतला पाव यावर दिवस काढले. नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं हे कळेपर्यंत पाणीही मोजून प्यायले.

म्हणून तुम्हाला सांगते, सुरुवात खोलीपासून करा आणि उलटं मोजत या. किल्ली कोणत्या दिवशी, किती वाजता मिळणार ते आधी लेखी विचारून घ्या. त्यावरून उतरायचा दिवस ठरेल, त्यावरून विमान, त्यावरून रेल्वे. यंदा, म्हणजे २०२६ साली, ३ ऑक्टोबर शनिवारी आलाय, म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही दिवस दुकानं आणि कार्यालयं बंद. २ तारखेच्या रात्री उतरणारं विमान कितीही स्वस्त दिसलं तरी नको. सोमवार ते बुधवार, सकाळी किंवा दुपारी उतरणं सगळ्यात सोयीचं. अधिकृत सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तासिका साधारण महिन्याच्या मध्यावर. पण विद्यापीठाचा परिचय सप्ताह तासिकांच्या आधी असतो. त्याच्या तारखा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या पानावर असतात.

खोलीसाठी पहिला अर्ज स्टुडेंटनवेर्ककडे. विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि मेन्सा, म्हणजे खानावळ, तीच संस्था चालवते. माग्डेबुर्गची वेगळी आहे. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाकायचा असतो, कारण यादी लांबलचक असते. खासगी खोल्यांसाठी वेगे-गेझुख्ट हे संकेतस्थळ सगळे वापरतात, आणि फसवणूकही तिथेच गाठते. घरमालक 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअर करतो' म्हणाला की संवाद तिथेच थांबवा. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय, एक युरोही पाठवू नका. काहीच मिळालं नाही तर पहिले दोन-तीन आठवडे हॉस्टेलात काढावे लागतील, पण त्यात एक अडचण आहे, ती आधी समजून घ्या.

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं सही केलेलं पत्र लागतं, आणि रोजच्या भाड्याच्या हॉस्टेलात ते सहसा मिळत नाही. पत्त्याची नोंद नसली की बँकेचं खातं, निवास परवाना, सगळं अडकत जातं. शहराच्या बुर्गरब्युरो कार्यालयाची वेळ ऑनलाइन घेता येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात या वेळा भराभर संपतात, त्यामुळे राहण्याचा पत्ता पक्का झाला की भारतातूनच वेळ घेऊन टाका. दोन आठवड्यांच्या आतली मिळाली नाही तर जी मिळेल ती घ्या आणि घेतल्याचा ईमेल जपून ठेवा.

आता विमान. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका, एजंट 'दर वाढतील' म्हणून कितीही घाई करू दे. दर पाहायला गूगल फ्लाइट्स पुरेसं आहे. तारखांचं कॅलेंडर उघडलं की कोणत्या दिवशी किती हे एका नजरेत दिसतं. खरेदी मात्र थेट विमान कंपनीकडून करा. काही कंपन्या विद्यार्थ्यांना जास्त सामान किंवा सवलतीचं भाडं देतात. ते बहुधा त्यांच्याच संकेतस्थळावर, विद्यार्थी हा पर्याय निवडल्यावर दिसतं. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून केलेला स्वस्त प्रवास टाळा. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते, आणि सामानही साधारणपणे थेट शेवटच्या विमानतळावर जातं. दोन पीएनआर असले की मधल्या विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं, कधी त्या देशाचा व्हिसाही लागतो.

आणि कुठे उतरायचं? एजंट सगळ्यांना फ्रँकफुर्टला उतरवतात. माग्डेबुर्गला बर्लिन कितीतरी जवळचं. बर्लिनच्या विमानतळाचं रेल्वेस्थानक टर्मिनलच्या खालीच आहे. तिथून बर्लिन मुख्य स्थानक, आणि तिथून आरई १ ही प्रादेशिक गाडी सरळ माग्डेबुर्गला. जिथे उतराल तिथून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता डीबी नॅव्हिगेटर या रेल्वेच्या ॲपवर आत्ताच टाकून बघा. कोणत्या फलाटावर बदलायचं आणि मध्ये किती मिनिटं आहेत तेही दिसतं. दोन मोठ्या बॅगा घेऊन सहा मिनिटांत फलाट बदलणं होत नाही. निदान वीस-पंचवीस मिनिटं मिळतील अशी जोडणी निवडा.

डॉइचलांडटिकेटबद्दल सगळे सांगतील. २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, २०२६पासून ६३ युरो झालंय. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस चालतात. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्या चालत नाहीत. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, म्हणजे २८ सप्टेंबरला घेतलं तर दोन दिवसांत संपलं. शिवाय ते वर्गणीच आहे, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर पुढचे पैसे जातात. आणि घाईनं घेऊही नका, कारण बऱ्याच विद्यापीठांच्या सत्रशुल्कात विद्यार्थ्यांचं प्रवासाचं तिकीट धरलेलं असतं. तुमच्या शुल्कात काय येतं ते आधी पाहा. पहिल्या दिवसापुरतं साधं प्रादेशिक तिकीट काढलं की झालं. ते गाडीला बांधलेलं नसतं, विमान उशिरा आलं तरी पुढच्या गाडीत बसता येतं.

पैशांचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरच्यांची झोप त्यानंच उडते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी भरून ठेवायचा आणि नंतर दरमहा ठरावीक रक्कमच मिळते त्या खात्यात, सप्टेंबर २०२४पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांच्या पुढे असल्यानं ही रक्कम दहा लाखांच्या बरीच वर जाते, आणि एका पॅनवर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपुढे परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो नाही. वडिलांच्या खात्यातून पाठवणार असाल तर कापलेला टीसीएस त्यांच्या आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे बुडाले असं समजून कुणी घाबरू नये. बँकेत ए-२ फॉर्म भरताना कारण 'परदेशी शिक्षण' असंच लिहिलंय का ते स्वतः वाचा.

हे पैसे उतरल्या दिवशी हातात येत नाहीत. दरमहाचे ९९२ युरो सुरू व्हायला जर्मनीत खातं लागतं, खात्याला बहुधा पत्त्याची नोंद लागते, आणि यात चार-सहा आठवडे सहज जातात. तोवर पहिलं भाडं, खोलीची अनामत, विमा, खाणं. निदान दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डवर ठेवा, वर तीन-चारशे युरो रोख, सुट्ट्या नोटांत. आणि हे विसरूच नका: भारतातलं सिम रोमिंग चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. माझ्या वसतिगृहातल्या एका मुलाचे सगळे पैसे भारतातल्या खात्यात होते आणि ओटीपी न आल्यामुळे तो तीन आठवडे उसनवारीवर जगला.

सामानात आईचा जीव असतो, म्हणून हा भाग आईला वाचून दाखवा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा यांतलं काही नको. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळं सोडून. कढीपत्ता न्यायचा मोह सगळ्यांना होतो, तोही घरीच ठेवा. मेतकूट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, चकल्या, पोहे खुशाल भरा. लोणचं मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या बरणीत, वर दोन पिशव्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून काढून घेतात. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत. प्रेशर कुकर एक छोटा घ्या. इथे मिळतो, पण महाग.

मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत, कधीही दुसरीकडे नाही: पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस, गुणपत्रिका, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचं पत्र, खोलीचा करार. नियमित औषधं असतील तर तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे तक्रारीचा अहवाल भरून त्याची प्रत घ्या. 'घरी जाऊन ईमेल करू' असं म्हणू नका. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा करावा लागतो.

निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि काही अडचण आली तर दूतावासाकडे तुमची माहिती असते. जर्मनीत दूतावास बर्लिनला, तुमच्यापासून जवळच. आपत्कालीन क्रमांक ११२, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जीवावरचं नाही अशा वेळी ११६११७. दोन्ही फोनमध्ये साठवा. नकाशा आणि जर्मन भाषांतर फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, म्हणजे इंटरनेट नसतानाही चालतील.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल एवढंच सांगते. विद्यार्थ्यांचे ग्रुप माणसं शोधायला फार चांगले. त्याच विमानानं येणारी मुलगी मला तिथेच भेटली आणि आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. पण नियम ग्रुपवरून घेऊ नका, तिथे दोन वर्षांपूर्वीची माहिती आजची म्हणून फिरते. अभ्यासक्रम आणि शिक्षणाच्या नियमांसाठी डाड (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था), रेल्वेसाठी रेल्वेचं ॲप, पत्त्यासाठी शहराचं संकेतस्थळ, व्हिसासाठी फक्त जर्मन दूतावास. पासपोर्टचा किंवा व्हिसाचा फोटो तर ग्रुपवर कधीच टाकू नका.

स्टुडेंटनवेर्कचा अर्ज केलाय की नाही ते तुमच्या प्रश्नात नाही. केला नसेल तर आज रात्रीच करा. खोलीचं उत्तर आलं की किल्लीचा दिवस आणि वेळ मला इथे खाली लिहा, मग विमान आणि गाडी आपण मिळून बघू.