सालई जाळायची, धावडा खायचा

भाऊ, बाजारातून डिंक आणलास, बरं केलंस. पण लाडू करायला बसण्याआधी पुडीत काय आलंय ते बघ. मेळघाटाकडे सालई आणि धावडा या दोन्ही झाडांचा डिंक मिळतो, खडे दिसायला सारखेच पिवळसर, आणि लाडवाला फक्त धावडाच चालतो.

एक खडा निखाऱ्यावर टाक. सालई वितळून दाट, सुगंधी धूर सोडते. धावडा फुगून करपतो. रात्रभर पाण्यात ठेवलास तर धावडा विरघळून चिकट होतो, सालईचं पाणी दुधट होतं आणि राळ तशीच उरते.

धावडा आधी उन्हात कडक वाळव. तूप नीट तापलं की थोडाथोडा सोड, लाहीसारखा फुलतो. एक दाणा फोडून बघ. मधे कडक गाठ असेल तर आच मंद करून अजून तळ, नाहीतर लाडू दाताला चिकटतो. घाईने सगळा डिंक एकदम टाकू नको, तूप थंडावतं.

सालई संध्याकाळी गोवरीच्या निखाऱ्यावर, चिमूटभर. दार उघडं ठेव, घरात दम्याचं माणूस असेल तर टाळच. वैद्य हिलाच शल्लकी म्हणतात, पण गुडघे दुखतात म्हणून स्वतःच्या मनाने खाऊ नको.

आणि झाडावरून स्वतः काढायचा विचार असेल तर आधी ग्रामसभेला विचार. 2006 च्या वनहक्क कायद्याने डिंकासारख्या गौण वनोपजावरचा हक्क तिथल्या गावकऱ्यांचा आहे. साल वरवर तासायची. कुऱ्हाडीचा खोल घाव बसला तर झाड वाळतं, आणि जंगलात ही झाडं आधीच कमी होत चाललीत.