छायाचित्रकार एकाच कल्पनेवर मालिका का करत राहतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, आजचे नावाजलेले छायाचित्रकार व्यक्तिचित्रे किंवा निसर्गचित्रे काढताना एकेका सुंदर छायाचित्रावर न थांबता एकाच कल्पनेवर मोठी मालिका का करतात, आणि 'सगळे फोटो सारखेच तर आहेत' असे वाटायला लावणाऱ्या या मालिकांमागे नेमका विचार काय असतो. माझ्या मते मालिका हे छायाचित्रकाराने स्वतःवर घालून घेतलेले बंधन असते. त्यामुळे त्याच्या आवडीनिवडीला कात्री लागते आणि समोरच्या माणसाला किंवा भूमीला स्वतःचे काही सांगायला जागा मिळते.

नेदरलँड्सच्या रिनेके डाइकस्ट्रा यांनी १९९२ पासून काही वर्षे निरनिराळ्या देशांच्या समुद्रकिनाऱ्यांवर पोहायला आलेल्या किशोरवयीन मुलामुलींची छायाचित्रे घेतली. मांडणी ठरलेली होती: तिपाईवरचा मोठा कॅमेरा, पूर्णाकृती, मागे फक्त समुद्र आणि आकाश. पोलंडमधील कोवोब्झेग येथील फिकट हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली मुलगी आठवून पाहा. तिने एका पायावर भार टाकला आहे, मान किंचित कलली आहे, आणि छान दिसण्याची इच्छा व अवघडलेपण दोन्ही तिच्या अंगावर एकाच वेळी दिसतात. ही कल्पना डाइकस्ट्रांना स्वतःच्याच छायाचित्रातून सुचली होती. अपघातात खुबा मोडल्यानंतर व्यायाम म्हणून त्या पोहत असत, आणि पाण्याबाहेर आल्यावर दमलेल्या अवस्थेत, चेहरा सावरण्याचे त्राण नसताना, त्यांनी स्वतःला टिपले होते. बाकी सारे स्थिर ठेवल्यामुळे आपली नजर एका मुलाच्या उभे राहण्यातून दुसऱ्याच्या उभे राहण्याकडे जाते, आणि जे एका चित्रात कधीच कळले नसते ते तुलनेतून कळते.

निसर्गचित्रांत हेच बंधन जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी टोकाला नेले. १९८० पासून ते जगभरचे समुद्र कृष्णधवल छायाचित्रांत टिपत आले आहेत. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर, होडी नाही, किनारा नाही, माणूस नाही. आदिमानवाने जे दृश्य पाहिले तेच आज आपल्याला पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न आहे.

मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते गौरी गिल यांचे काम. त्या मूळच्या चंडीगडच्या आणि दिल्लीत राहतात. राजस्थानच्या वाळवंटी गावांतील त्यांच्या प्रदीर्घ मालिकेला २०२३ चा 'प्री पिक्टे' हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या दोन मालिका आपल्या पालघर जिल्ह्यात घडल्या आहेत, आणि मराठी वाचकांना त्या फारशा ठाऊक नसाव्यात याची मला खंत वाटते.

पहिली व्यक्तिचित्रांची, 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स'. जव्हार भागातील बोहाडा या उत्सवात देवदेवता आणि पुराणातल्या पात्रांची सोंगे निघतात, आणि त्यांचे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून बनवणारे कोकणा व वारली कलावंत तेथे आहेत. २०१५ पासून गिल यांनी सुभाष आणि भगवान धर्मा कडू या बंधूंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देवांऐवजी आजच्या जगण्याचे मुखवटे करण्याची विनंती केली. मग माणसांचे, प्राण्यांचे, मोलाच्या वस्तूंचे मुखवटे तयार झाले, आणि ते घालून गावातलीच माणसे आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीची कामे करत कॅमेऱ्यासमोर आली. आदिवासींची छायाचित्रे घेण्याचा आपल्याकडचा इतिहास पाहिला की या कल्पनेचे मोल कळते. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांच्या ग्रंथात माणूस हा त्याच्या जातीजमातीचा नमुना म्हणून दाखवला जात होता. गिल यांच्या मालिकेत चेहराच झाकलेला असल्यामुळे नमुना म्हणून पाहण्याची सोय उरत नाही; आपण हात पाहतो, बसण्याची ढब पाहतो, आणि काय दाखवायचे हे बऱ्याच अंशी समोरच्या माणसानेच ठरवले आहे हे जाणवते.

दुसरी मालिका निसर्गचित्रांची, 'फील्ड्स ऑफ साइट'. २०१३ मध्ये गिल डहाणू तालुक्यातील गंजाडला गेल्या; विख्यात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे गंजाड ते हेच. तेथील वारली चित्रकार राजेश वांगड त्यांना परिसर दाखवत प्रत्येक जागेच्या कथा सांगत होते. छायाचित्रे पाहिल्यावर गिल यांना जाणवले की डोंगर आणि झाडे आली आहेत, पण वांगडांना दिसणारे गाव त्यांत आलेलेच नाही. म्हणून त्या कृष्णधवल छायाचित्रांवर वांगडांनी शाईने चित्रे काढली. एरवी वारली चित्र गेरूच्या किंवा मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरे उमटते. येथे ते काळ्या बारीक रेषांनी आकाशात आणि उतारांवर पसरते, आणि देव, माणसे, तोडलेले जंगल, असे जे जे कॅमेऱ्याच्या एका क्षणात मावत नाही ते त्याच जमिनीवर येऊन उभे राहते. काही चित्रांत वांगड स्वतःही त्या भूमीवर उभे आहेत. या चित्रांचे कर्ते म्हणून गिल आणि वांगड अशी दोघांचीही नावे दिली जातात, आणि मला ते पूर्णपणे न्याय्य वाटते.